विसाव्या गड्याची जागा

टोरांटो, मॉन्ट्रिऑल, कॅल्गरी यांसारख्या कॅनडातील शहरांत, मुलांच्या क्लबांचे सराव आटोपल्यावर, रात्री दहाच्या पुढे, ज्यांना प्रेक्षक नाहीत, पंच नाहीत, ज्यांच्या जयपराजयाची नोंद कोठल्याही दफ्तरात होत नाही, आणि ज्यांत उतरणारी माणसे दिवसभर बँकेत, इस्पितळात, बांधकामावर किंवा ट्रक हाकण्यात राबून आलेली असतात, असे बर्फावरील हॉकीचे सामने बंदिस्त रिंकांमध्ये जागोजागी चाललेले असतात. या खेळाला घटना नाही, कार्यकारिणी नाही; एक ठरलेला वार, एक ठरलेला तास आणि एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या वीस-पंचवीस माणसांचा मेळा, एवढेच त्याचे भांडवल. गेल्या काही वर्षांत या मेळ्यांचा कारभार फोनमधील ॲपकडे गेला असून, त्या स्थित्यंतराविषयी माझे जे मत बनले आहे ते येथे मांडावयाचे आहे. यादी ठेवणे, स्मरण देणे आणि पैसे वसूल करणे ही कामे ॲपने अवश्य करावीत. परंतु कोणाला खेळू द्यावयाचे हा निर्णय त्याच्या हाती जाऊ नये, आणि प्रत्येक खेळात एक जागा तरी अशी राहावी की जिथवर पोहोचण्यास कोणत्याही यादीत नाव असावे लागत नाही.

हॉकी म्हटले की मराठी वाचकाला ध्यानचंद आठवतात, किंवा आपल्या खडकीच्या धनराज पिल्ले यांची चेंडू घेऊन केलेली धाव आठवते; म्हणून या दुसऱ्या हॉकीचे गणित प्रथम सांगितले पाहिजे, कारण ॲपची गरज त्या गणितातूनच उत्पन्न झाली आहे. बर्फाचे आवार सुमारे 200 फूट लांब व 85 फूट रुंद असते. त्यावर एका वेळी प्रत्येक बाजूचे पाच गडी आणि एक गोलरक्षक उतरतात. आणि स्केटवर पूर्ण वेगाने धावणे इतके दमछाकीचे असते की मिनिटाभरात, पुष्कळदा त्याआधीच, गडी बाकावर परततो व त्याच्या जागी दुसरा जातो. त्यामुळे दोन्ही बाजूंस मिळून वीस गडी आणि दोन गोलरक्षक आले की खेळ रंगतो. बाराच आले तर अर्ध्या तासात सगळ्यांना धाप लागते, आणि तीस आले तर माणूस बर्फावर कमी व बाकावर अधिक राहतो. त्यातच बर्फ तासाच्या भाड्याने घ्यावा लागतो, आणि ते भाडे माणसे मोजून आकारले जात नाही. समजा, एका तासाचे 300 डॉलर पडले, तर ते वीस जणांत प्रत्येकी 15 होतात, बारा जणांत 25 होतात, आणि ज्या आठ जणांनी आयत्या वेळी अंग काढून घेतले त्यांचा बोजा आलेल्यांच्या, अथवा बहुधा एकट्या कारभाऱ्याच्या माथी बसतो.

या कारभाऱ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते. प्रत्येक मेळ्यात असा एक माणूस असतो, ज्याला कोणी निवडून दिलेले नसते, ज्याला वेतन वा मानधन नसते, आणि तरीही ज्याने उन्हाळ्यातच रिंकच्या व्यवस्थापकाकडे खेटे घालून साऱ्या मोसमाचा तास राखून ठेवलेला असतो व त्याची अनामत रक्कमही स्वतःच्या खिशातून भरलेली असते. मोसमाची वर्गणी आगाऊ भरणारे नित्याचे गडी वेगळे, आणि कोणी गैरहजर राहिल्यास एका रात्रीचे पैसे देऊन खेळणारे बदली गडी वेगळे. या दोन याद्यांची रुजवात दर आठवड्यास नव्याने घालावी लागते. पूर्वी हे काम घरोघर फोन करून आणि पुढे ई-मेलच्या लांबलचक साखळीने चाले: सोमवारी विचारणा, मंगळवारी स्मरण, बुधवारी तगादा, आणि गुरुवारी दुपारी, सगळे जुळले असे वाटत असतानाच, दोघांची माघार. अशा एका कारभाऱ्याला मी कपडे बदलण्याच्या खोलीत पाहिले आहे. एका पायात स्केट चढवलेला, दुसरा पाय नुसत्या मोज्यात, मांडीवर घड्या पडून मऊ झालेला कागद, त्यावर नावांपुढे पेन्सिलीच्या खुणा; भोवतालचे सगळे काठ्यांच्या पात्यांना काळी पट्टी गुंडाळून, हेल्मेटचे बंद आवळून बर्फाकडे निघून गेले, तरी तो फोन कानाला लावून, ज्या दोघांनी येण्याचा शब्द दिला होता त्यांचा ठावठिकाणा विचारीत बसला होता. ज्या तासासाठी त्याने आठवडाभर खटपट केली त्यातली पहिली पंधरा मिनिटे त्याच्या वाट्याला आलीच नाहीत. मित्राकडे थकबाकी मागण्याचा संकोच, ती न मागितल्यास घरी द्यावा लागणारा जबाब, आणि इतके करूनही 'या आठवड्यात माणसे कमी का?' हा प्रश्न ऐकून घेणे, हे सारे ज्याने सोसले त्याच्यापाशी जाऊन, यंत्रामुळे खेळातला जिव्हाळा गेला, असा आक्षेप घेण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

बेंचॲप, टीमस्नॅप आदी ॲपांनी हे ओझे खरोखरच उतरवले आहे. ठरलेल्या वेळी प्रत्येकाच्या फोनवर विचारणा जाते; येतो किंवा येत नाही, एवढे बोटाने कळवावयाचे; एकाने नकार दिला की जागा मोकळी झाल्याचे बदली गड्यांना कळते; किती आले, किती उरले, कोणाकडे किती बाकी, हा सगळा जमाखर्च सर्वांना एकाच वेळी दिसतो. मला यातला सर्वांत मोठा लाभ वेळेच्या बचतीहून वेगळाच वाटतो. तगादा माणसाने केला की तो टोचतो आणि यंत्राने केला की कोणाला राग येत नाही, त्यामुळे दोन जुन्या स्नेह्यांमध्ये 15 डॉलरांवरून जी अढी बसावयाची ती बसत नाही. पैशाचा व्यवहार मैत्रीपासून अलग ठेवण्याची सोय ज्याने करून दिली त्याने मैत्रीवर उपकारच केले म्हणावयाचे.

गोलरक्षकाचा प्रश्न मात्र निराळा, आणि कोणत्याही मेळ्याच्या जिवावर बेतणारा. वीसऐवजी सोळा गडी आले तरी निभावते, पण गोलरक्षक नसेल तर खेळाचा रसच संपतो; आणि गोलरक्षक तर दुर्मीळ, कारण त्याचा सरंजाम इतरांच्या मानाने कितीतरी महाग, वागवावयास अवजड, आणि अंगावर ताशी कित्येक मैलांच्या वेगाने येणाऱ्या रबरी चकतीसमोर, त्या पकसमोर, स्वखुशीने उभे राहण्याची हौस मोजक्याच लोकांना. म्हणूनच बहुतेक मेळ्यांत त्याच्याकडून पैसे न घेण्याचा शिरस्ता पडला, आणि आता तर गोलरक्षक एका रात्रीपुरता भाड्याने मिळवून देणारी स्वतंत्र ॲपही निघाली आहेत. या दुर्मीळतेला व्यावसायिक स्पर्धांनीही मान तुकवली आहे. नॅशनल हॉकी लीगच्या सामन्यांत एखाद्या संघाचे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाल्यास आयत्या वेळी उतरवण्यासाठी गावातलाच एखादा हौशी गोलरक्षक हजर ठेवण्याची तरतूद तेव्हा होती, आणि 22 फेब्रुवारी 2020 रोजी टोरांटोत नेमका तो प्रसंग ओढवला. बर्फ गुळगुळीत करणारे झांबोनी यंत्र चालवण्याची नोकरी केलेला, आईने दिलेल्या मूत्रपिंडावर जगणारा, 42 वर्षांचा डेव्हिड एअर्स हा गृहस्थ पाहुण्या कॅरोलिना हरिकेन्स संघाकडून उतरला, अंगावर आलेल्या दहांपैकी आठ फटके त्याने अडवले, आणि टोरांटो मेपल लीफ्स संघ आपल्याच गावच्या माणसाकडून 6-3 असा हरला. त्या रात्री कॅनडाला जो अपूर्व आनंद झाला तो मला फार बोलका वाटतो. रात्री उशिराच्या मेळ्यांत, नावनिशाणी न ठेवता, वर्षानुवर्षे काठी धरणारा माणूस सर्वोच्च पातळीवरच्या खेळाच्या एका हाकेच्या अंतरावर आहे, ही भावना या खेळाच्या मुळाशी आहे आणि तीच त्याची खरी मिरास आहे.

आता दुसरी बाजू. देशांतर करून आलेल्या माणसाला या मेळ्यांत प्रवेश मिळणे पूर्वी किती कठीण होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. कारण मेळे शाळासोबत्यांचे, नाही तर कचेरीतल्या सहकाऱ्यांचे असत, आणि ज्याचे शाळासोबती नागपूर किंवा जालंधरला राहिले त्याला बोलावणार कोण? बर्फावरच्या हॉकीची ओढ तर नव्या वसाहतींतही आहे. 'हॉकी नाइट इन कॅनडा' या विख्यात कार्यक्रमाचे पंजाबी समालोचन 2008 पासून चालू आहे आणि ते घराघरांत आवडीने ऐकले जाते. अशा अनोळखी माणसांसाठी ॲपने एक दार निश्चित उघडले. माझ्या परिचयाचा, विदर्भातून येऊन टोरांटोजवळ स्थायिक झालेला एक तरुण, ज्याने तिशीत पाऊल टाकल्यावर भिंतीला धरून स्केट शिकण्यास आरंभ केला, त्याला आपला पहिला मेळा ॲपवरच्या एका मोकळ्या जागेमुळे मिळाला. कोणाची शिफारस लागली नाही, की कोणाची ओळख.

पण त्या रात्री पुढे जे घडले ते ॲपमध्ये नव्हते. आपली पात्रता त्याने नोंदताना थोडी अधिकच नोंदवली होती, जशी ती नवखा माणूस उत्साहाच्या भरात नोंदवतो, आणि पहिल्या पाच मिनिटांतच, तो वळताना पडतो व उठताना इतरांच्या वाटेत येतो, हे सर्वांच्या लक्षात आले. कारभाऱ्याने काहीही न बोलता बाकावरचा क्रम बदलला. पंचावन्न-साठीच्या एका जुन्या, शांत गड्याला त्याच्या जोडीस दिले. आणि तो म्हातारा त्या तासभर पक त्याच्या काठीच्या पात्यावर अलगद, त्याला झेपेल अशा गतीने ठेवीत राहिला, व पकशिवाय कोठे उभे राहावयाचे ते नुसत्या मानेने दाखवीत राहिला. खेळ संपल्यावर 'पुढल्या बुधवारी ये' असे त्याला सांगितले गेले. एखाद्या ॲपमध्ये ज्याप्रमाणे प्रत्येक गड्यास इतरांनी तारे द्यावयाचे आणि कमी ताऱ्यांच्या माणसास पुढे जागाच दाखवावयाची नाही, अशी व्यवस्था असते, तशी त्या मेळ्यात असती, तर त्या तरुणाचा तो पहिला खेळ शेवटचा ठरला असता. आणि आपण का वगळले गेलो हेही त्याला कधी कळले नसते, कारण ज्या नकाराला तोंड नाही त्याच्याकडे दाद तरी कशी मागणार?

माझा आक्षेप आहे तो नेमका येथे. हजेरीच्या नोंदीपासून हजेरीच्या न्यायापर्यंतचे अंतर ॲप फार लवकर काटते. तीनदा ऐनवेळी नकार दिला की नाव यादीच्या तळाशी, असा नियम बसवणे सोपे. पण त्या तीन नकारांमागे घरातले आजारपण आहे की निव्वळ बेफिकिरी, हे कारभारी जाणतो आणि नियम जाणत नाही. जो आधी पैसे भरील त्यास जागा, हे तत्त्व निःपक्षपाती दिसते, परंतु ज्याच्या हातात दिवसभर फोन असतो अशा कचेरीतल्या माणसाला ते अनुकूल पडते, आणि कारखान्यात पाळीवर उभ्या असलेल्या किंवा शस्त्रक्रियागृहात असलेल्या माणसाला प्रतिकूल. विचारणा येऊन जागा भरेपर्यंत त्याने ती पाहिलेलीसुद्धा नसते. आणि सत्तरीकडे झुकलेला तो जुना गडी, ज्याने वीस वर्षांपूर्वी हाच मेळा जमवला, तो केवळ संकेतशब्द विसरला म्हणून बाहेर राहिला, तर तो अन्याय कोणी केला असे म्हणावयाचे? निर्णय माणसाने घेतला की त्याला नाव असते आणि म्हणून त्याला जबाबदारीही असते.

कॅनडात या खेळाचे एक याहूनही मोकळे रूप आहे, त्यास 'शिनी' म्हणतात. आणि त्याचे घर म्हणजे उघड्यावरचा बर्फ. टोरांटो महापालिकेने कृत्रिम शीतकरणाची पन्नासहून अधिक मैदानी रिंके उभारली असून, त्यांवर लहान मुलांचे, प्रौढांचे, स्त्रियांचे असे शिनीचे तास वाटून दिलेले असतात, आणि तेथे पैसा पडत नाही. संघ पाडण्याची तेथली रीत फार सुंदर आहे. आलेल्या सर्वांनी आपापली काठी मध्यभागी टाकावयाची. एकाने खाली वाकून, कोणाची कोणती हे न पाहता, एक काठी डावीकडे तर एक उजवीकडे भिरकवावयाची. जिकडे आपली काठी, तो आपला पक्ष. अंगावर धडक मारावयाची नाही, पक उंच उडवावयाचा नाही, गोल किती झाले यावर फार वेळ घासाघीस करावयाची नाही, हे नियम कोठे टांगलेले असोत वा नसोत, सर्वांस ठाऊक असतात. 2020-21 च्या हिवाळ्यात महासाथीमुळे या मैदानी रिंकांवर उतरण्यास आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. त्या काळाची ती निकड होती, आणि तेव्हा ते योग्यच झाले. साथ ओसरल्यावर सक्ती उठली, हेही तितकेच योग्य झाले, कारण दुपारी दोनला बर्फावर मित्र दिसले म्हणून काठी घेऊन धावलेल्या बारा वर्षांच्या पोराला, तू सकाळी नोंद का केली नाहीस, असे विचारणारे शहर मुलांचे शहर राहत नाही.

या मोकळ्या बर्फावर आज निसर्गाकडूनही गदा येत आहे. ओटावा शहरातील रीडो कालवा दर हिवाळ्यात गोठून त्याचा 7.8 किलोमीटर लांबीचा जो प्रसिद्ध स्केटमार्ग होतो, तो 2022-23 च्या हिवाळ्यात, 1970-71 मध्ये सुरू झाल्यापासून प्रथमच, एक दिवसही खुला होऊ शकला नाही. विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातील संशोधकांनी 2013 पासून 'रिंकवॉच' नावाचा उपक्रम चालवला असून, परसात पाणी शिंपून घरगुती रिंक करणारी कुटुंबे कोणत्या दिवशी स्केटिंग जमले आणि कोणत्या दिवशी जमले नाही याच्या नोंदी त्यांना कळवतात. हिवाळा जसजसा उबदार होत जाईल तसतसा तळ्यावरचा, परसातला, फुकटचा बर्फ आटत जाणार. लोक छपराखालच्या, विजेवर गोठवलेल्या, तासाच्या भाड्याच्या बर्फाकडे लोटले जाणार. आणि जे दुर्मीळ झाले त्याची वाटणी यादीनेच करावी लागणार. म्हणजे ॲपचे महत्त्व पुढे वाढतच जाणार आहे, आणि म्हणूनच त्याच्या अधिकाराची हद्द आजच आखून ठेवणे निकडीचे आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हा प्रश्न परक्या थंडीतला म्हणून बाजूस सारू नये. पुणे, ठाणे, नाशिक येथे जाळ्यांनी वेढलेली, हिरवा कृत्रिम गालिचा अंथरलेली टर्फ मैदाने तासाच्या भाड्याने फोनवरून घेऊन बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉल खेळण्याची वहिवाट आता चांगलीच रुजली आहे. खासगी मालकाने आपली जागा तासावर द्यावी, त्याला माझी हरकत नाही. रात्री अकरा वाजता दिव्यांखाली खेळणाऱ्या नोकरदार मुलांकडे पाहून मला आनंदच होतो. पण ज्या आझाद मैदानावर आणि शिवाजी पार्कवर एकाच्या खेळपट्टीवर दुसऱ्याचा क्षेत्ररक्षक उभा राहून एकाच वेळी अनेक डाव चालत आले, तेथली खरी देणगी ही होती की, एक गडी कमी पडला की कडेला उभ्या असलेल्या पोराला 'येतोस का?' अशी हाक जाई. महापालिकेच्या मालकीच्या क्रीडांगणांची नोंदणी जेथे फोनवर न्यावयाची असेल, तेथे शाळा सुटल्यानंतरचे दोन तास आणि रविवारची सकाळ नोंदणीतून कायमची मुक्त राहील, असा ठराव नोंदणी सुरू होण्याच्या आधी झाला पाहिजे. मागाहून तो होत नाही, कारण एकदा तासाला भाव आला की मोकळा तास हा जमाखर्चात तोटा म्हणून दिसू लागतो.

आणि भाड्याच्या बर्फावर काय करावे, याचेही उत्तर आहे, व ते एका मेळ्यात मी चालताना पाहिले आहे. कारभारी ॲपमध्ये एकोणीसच जागा उघडतो. विसावी जागा त्याच्या स्वाधीन राहते: कधी ती पाळीवरून थेट आलेल्या माणसाला जाते, कधी संकेतशब्द विसरलेल्या वृद्धाला, कधी रिंकच्या काचेपलीकडे आपली पिशवी घेऊन घुटमळणाऱ्या, अजून कोणालाच ठाऊक नसलेल्या एखाद्याला. तासाचे 300 डॉलर धरले आणि ते एकोणीस जणांत वाटले, तर प्रत्येकास 15 डॉलरांऐवजी 15 डॉलर 79 सेंट पडतात. हे 79 सेंट ॲपने बिनबोभाट वसूल करावेत, हिशेबात त्यांचे वेगळे खाते ठेवावे, आणि ज्या रात्री विसावा गडी येऊन आपले पैसे भरील त्या रात्रीचे 15 डॉलर पुढल्या आठवड्याच्या भाड्यात जमा धरावेत.